योगिनीची उलटतपासणी

चिक्कडपल्लीच्या त्या गल्लीत योगिनीइतकी बोलकी मुलगी दुसरी नव्हती, आणि वकिलांबद्दल तिच्याइतकं वाईट मतही दुसऱ्या कुणाचं नव्हतं. हे मत तिला घरातून मिळालं होतं. तिचे वडील अप्पाराव वीज खात्यात कारकून होते. रोज संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन ते वर्तमानपत्र वाचायचे आणि कोर्टाची बातमी आली की हमखास म्हणायचे, "काळा कोट घातला की माणसाची जीभ सरळ राहत नाही बघ." त्यांचे आजोबा नांदेडकडून निजामाच्या काळात हैदराबादेत आले, तेव्हापासून घरात कुणी कोर्टाची पायरी चढलं नव्हतं, आणि याचा अप्पारावांना मोठा अभिमान होता.

योगिनीनं वडिलांचं हे मत नुसतं उचललं नाही, तर त्याला धार लावली. कायदा तिला आवडायचा. बसमध्ये बायकांच्या जागेवर पुरुष बसला की ती त्याला उठवायची. रेशनच्या दुकानात रांग मोडणाऱ्याशी भांडायची. जिथं तिथं "हे नियमात बसत नाही" हे तिचं पालुपद असायचं. कायदा म्हणजे सरळ रेघ, आणि वकील म्हणजे पैसे घेऊन ती रेघ वाकडी करणारा माणूस, अशी तिनं मनाशी सोपी वाटणी करून टाकली होती. जामबागेतल्या तिच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धेत ती याच विषयावर तावातावानं बोलली आणि दुसरं बक्षीस घेऊन आली. अप्पारावांनी त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले.

ज्या दिवशी ते सगळं घडलं, तो दिवस एकोणीसशे पंच्याण्णवच्या जूनमधला होता. हैदराबादेत तेव्हा सगळीकडे नवं काहीतरी येत होतं. गल्लीगल्लीत कॉम्प्युटरच्या क्लासच्या पाट्या लागल्या होत्या, छपरांवर केबलच्या वायरींची जाळी झाली होती, आणि दर चार दुकानांमागं एक एसटीडी बूथ उभा राहिला होता. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा निकाल त्याच दिवशी लागला होता. कॉम्प्युटरच्या क्लासवरून परत येताना योगिनी चौरस्त्यावरच्या बूथमध्ये शिरली. नांदेडला मावशीला फोन करून पास झाल्याचं सांगायचं होतं. आईनं बजावलं होतं, "तीन मिनिटांच्या आत ठेव गं बाई. मावशी लागली बोलायला की संपत नाही."

फोन चालू असतानाच बाहेर मोठा आवाज झाला. योगिनी फोन ठेवून बाहेर आली तेव्हा चौरस्त्यात एक नवी कोरी पांढरी गाडी आडवी उभी होती. तिच्यापुढं स्कूटर पडली होती, आणि स्कूटरच्या पलीकडं हिम्मतराव सर.

हिम्मतराव सर म्हणजे तिच्याच गल्लीतले, तीन घरं सोडून राहणारे. निवृत्त गणिताचे शिक्षक. योगिनीला सातवीपासून दहावीपर्यंत त्यांनी ओट्यावर बसवून गणित शिकवलं होतं, आणि कधी एक रुपया घेतला नव्हता. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली विचित्र वळला होता, कपाळातून रक्त येत होतं. गर्दी जमली होती. कुणी ओरडत होतं, "कारवालेने सिग्नल तोड्या! देखा मैं!" गाडीचा ड्रायव्हर, तिशीचा एक काळासावळा माणूस, स्टिअरिंगला धरून तसाच बसून होता. लोकांनी त्याला ओढून बाहेर काढलं. योगिनीनं मान वर करून सिग्नलकडं पाहिलं. गाडीच्या बाजूला लाल दिवा होता.

त्या संध्याकाळी पोलीस चौकीत जबाब द्यायला पुढं झालेली एकटी योगिनीच होती. ओरडणारे सगळे पांगले होते. तिनं ठासून सांगितलं, "मी बूथमध्ये उभी होते. काचेतून सगळं दिसत होतं. सरांच्या बाजूला हिरवा दिवा होता. गाडीवाल्यानं लाल दिवा तोडून त्यांना उडवलं." आपण तिथं होतो हे दाखवायला तिनं बूथमधून मिळालेली छापील चिठ्ठीसुद्धा हवालदारापुढं ठेवली. चिठ्ठीवर नांदेडचा नंबर, वेळ आणि फोन किती मिनिटं चालला ते होतं. हवालदारानं ती कागदांना टाचली.

सरांचा पाय दोनदा ऑपरेशन करूनही पूर्ण बरा झाला नाही. ते काठी घेऊन चालू लागले. धडकेच्या आधीचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. मार डोक्याला होता, डॉक्टर म्हणाले, असं होतं. म्हणजे सगळी भिस्त योगिनीवर होती. सरांच्या पत्नी मालनबाई तिला पाहिलं की भाकरी थापता थापता उठून यायच्या. "पोरी, तूच आहेस बघ आमची," म्हणायच्या. गल्लीत योगिनीचा मान वाढला. तो तिला आवडत नव्हता असं म्हणता येणार नाही.

पेशीची तारीख लागायला दीड वर्ष गेलं. नामपल्लीच्या फौजदारी कोर्टात जाताना अप्पाराव तिच्याबरोबर होते. बसमध्ये त्यांनी तिला चार वेळा समजावलं, "गाडी कंपनीची आहे. मोठ्ठा वकील आणला असेल त्यांनी. तुला गोंधळात टाकेल. तू आपलं जे सांगितलंस त्याला धरून राहायचं. हौ?"

"बाबा, मला कोण गोंधळात टाकणार?" योगिनी हसून म्हणाली.

पण कोर्टात पोचल्यावर कळलं की कंपनीनं हात झटकले होते. अपघात झाला त्याच आठवड्यात त्यांनी यादगिरीला, म्हणजे त्या ड्रायव्हरला, कामावरून काढलं होतं. तो व्हरांड्यात एका खांबाला टेकून उभा होता. धुवून विरलेला शर्ट, बायको शेजारी, तिच्या कडेवर मूल. त्याच्याशी बोलत उभ्या होत्या त्याच्या वकील: पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई. पांढरी सुती साडी, वरचा काळा कोट कोपरांशी तपकिरी पडलेला, पायात साध्या चपला, काखेत कागदांची पिशवी. कोर्टातले शिपाई त्यांना "वकीलम्मा" म्हणत होते. त्या यादगिरीशी तेलुगूत बोलत होत्या, त्याच्या बायकोशीही बोलत होत्या, आणि मध्येच त्यांनी त्या मुलाच्या नाकाला लोंबणारा शेंबूड आपल्या रुमालानं पुसला.

"हा मोठ्ठा वकील?" योगिनी वडिलांच्या कानात म्हणाली. अप्पारावही जरा निर्धास्त झाले.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर तिनं शपथ घेतली. सरकारी वकिलांनी तिच्याकडून सगळं क्रमानं वदवून घेतलं. ती न अडखळता बोलली. न्यायाधीश एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होते आणि खाली बसलेला टंकलेखक ते खटाखट टाइप करत होता. आपलं बोलणं असं छापलं जाताना पाहून योगिनीला बरं वाटलं.

मग त्या बाई उठल्या. योगिनीनं अंग ताठ केलं. आता आवाज चढेल, बोट रोखलं जाईल, हे तिनं धरलंच होतं. तसं काही झालं नाही. बाईंनी तेलुगूत अगदी सहज विचारलं, "निकाल कसा लागला होता त्या दिवशी?"

"फर्स्ट क्लास," योगिनी म्हणाली. तिची तेलुगू चांगली होती, अडलं की ती इंग्रजीत शिरायची.

"अभिनंदन. मावशीला फोन केलात, ती काय म्हणाली?"

"ती रडायलाच लागली."

कोर्टात दोघं-तिघं हसले. बाईही हसल्या. "मग तर तीन मिनिटं पुरली नसतील."

"पुरली. आईनं बजावलं होतं. मी दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांना ठेवला."

"चिठ्ठीवरही तेच आहे," बाई म्हणाल्या आणि कागद न्यायाधीशांकडं दिला. "इतकं बरोबर कसं जमलं हो तुम्हाला?"

"मीटरकडं बघत होते ना. लाल आकडे असतात. एकेक सेकंद पुढं सरकतो."

"मीटर कुठं असतं त्या बूथमध्ये?"

"फोनच्या वर. भिंतीवर."

"आणि रस्ता?"

"मागं."

"म्हणजे मीटर बघताना पाठ रस्त्याकडं."

"हो. पण काचेचं दार आहे. मान वळवली की दिसतं."

"बरोबर," बाई म्हणाल्या. आवाजात विजय नव्हता, की चिमटाही नव्हता. त्या थोड्या पुढं आल्या. "आता नीट आठवा. घाई नाही. धडकेचा आवाज आला तेव्हा रिसीव्हर हातात होता?"

"हो."

"मीटरवर किती आकडा होता?"

"दोन मिनिटं एकेचाळीस," योगिनी ताडकन म्हणाली. दीड वर्ष झालं होतं, पण तो आकडा तिच्या डोळ्यांसमोर लख्ख होता. दोन, चार, एक. लाल. आवाज आला आणि एकचा दोन झाला.

तिनं हे सांगितलं, आणि सांगता सांगताच आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं.

बाईंनी पुढच्या प्रश्नाची घाई केली नाही. टंकलेखकाचं यंत्र थांबलं. वरचा पंखा तेवढा करकरत होता. नंतर योगिनी म्हणायची, की त्या बाईंनी तेव्हा एखादं टोचणारं वाक्य टाकलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडणात खोटं तसंच रेटून नेलं असतं. पण त्यांनी मला विचार करायला जागा दिली.

"आवाज आला त्या क्षणी तुम्ही आकडा पाहत होता," बाई हळूच म्हणाल्या.

"हो."

"मग मान वळवलीत. काय दिसलं?"

योगिनीनं डोळे मिटले. खरंच काय दिसलं होतं? दारावर रंगवलेली मोठी पिवळी अक्षरं, आतून उलटी. त्यांच्या फटींतून धावणारे पाय. मावशी कानात "काय झालं गं?" विचारत होती. "लोक पळत होते," ती म्हणाली. "मी मावशीला म्हटलं, बाहेर काहीतरी झालंय, ठेवते."

"मी परवा रविवारी त्या बूथमध्ये जाऊन उभी राहिले. माझ्या बहिणीला फोन लावला. दुकानाचा पत्रा बराच खाली आलेला आहे, आतून सिग्नल..."

सरकारी वकील उठले. "वकीलबाई स्वतःच साक्ष देतायत, साहेब."

"बरोबर आहे, चुकलं माझं," बाई लगेच म्हणाल्या. "मी मागे घेते. साक्षीदार सांगतील. बूथच्या आतून सिग्नल दिसतो का?"

योगिनीनं कोर्टात पाहिलं. पहिल्या बाकावर हिम्मतराव सर काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. शेजारी मालनबाई. मागच्या बाकावर अप्पाराव मान हलवून तिला खुणावत होते, धरून राहा, धरून राहा. आणि पलीकडं कठड्यामागं यादगिरी उभा होता. त्यानं तिच्याकडं एकदाही पाहिलं नव्हतं. तो जमिनीकडं पाहत होता.

"नाही," योगिनी म्हणाली. "आतून नाही दिसत."

"तुम्ही लाल दिवा पाहिलात तो कधी?"

"बाहेर आल्यावर."

"तेव्हा मास्तर कुठं होते?"

"पडलेले होते. माणसं जमली होती. ड्रायव्हरला बाहेर ओढलं होतं." कुणी विचारायच्या आत ती पुढं म्हणाली, "फोन ठेवायलाच सतरा सेकंद लागले होते. बाहेर यायला आणखी. तोवर दिवा बदलला असेल. धडक झाली तेव्हा कुठला दिवा होता ते मी पाहिलं नाही. सिग्नल तोडला असं कुणीतरी ओरडत होतं, ते मी ऐकलं. ते ऐकलेलं होतं. मला वाटलं, मी पाहिलं."

"आणखी काही विचारायचं नाही," बाई म्हणाल्या आणि बसल्या.

सरकारी वकिलांनी विचारलं, कुणी दबाव आणला का, कुणी भेटायला आलं होतं का? योगिनी "नाही" म्हणाली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं आणि टंकलेखकाला ते वाक्य नीट, तिच्याच शब्दांत घ्यायला सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात मालनबाई तिच्याशी बोलल्या नाहीत. सरांचा दंड धरून त्या पायऱ्या उतरून गेल्या. अप्पाराव बसस्टॉपकडं चालू लागले होते. योगिनीला रडू फुटत होतं. त्या बाई समोरून येताना दिसल्या तशी ती धावत त्यांच्यापुढं उभी राहिली आणि काय बोलावं ते न सुचून इंग्रजीत "मॅडम" एवढंच म्हणाली.

बाईंनी हात वर केला. "निकाल लागेपर्यंत माझ्याशी बोलू नका, बाळ," त्या म्हणाल्या, आणि म्हणाल्या त्या चक्क मराठीत. "तुम्ही साक्षीदार आहात. उद्या कुणी म्हणेल मी तुम्हाला शिकवलं. माझ्या अशिलाला ते बाधेल, आणि तुमच्या खऱ्यालाही." असं म्हणून त्या झपाझप पुढं गेल्या. योगिनी पाहतच राहिली. योगिनी मराठी आहे हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक असणार, तिच्या आडनावावरूनच. एक वाक्य मराठीत बोलून त्यांना तिला आपलंसं करता आलं असतं. त्यांनी ते केलं नव्हतं.

घरी त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही. अप्पाराव म्हणाले, "सांगितलं होतं ना, जीभ वळवतात म्हणून."

"नाही बाबा," योगिनी म्हणाली. "वळलेली माझी होती. त्यांनी सरळ केली."

अप्पारावांनी ताट सरकवलं. आई, शोभाताई, एवढंच म्हणाल्या, "अहो, पोर खोटं बोलली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं का?" त्यावर अप्पारावांनी संध्याकाळी वाचून झालेलं वर्तमानपत्र पुन्हा उघडलं.

चार दिवस योगिनीनं सरांच्या घरासमोरून जायचं टाळलं. पाचव्या दिवशी स्वतःचीच लाज वाटून ती गेली. मालनबाईंनी दार उघडलं आणि न बोलता आत निघून गेल्या. सर खुर्चीत बसले होते, पाय स्टुलावर.

"सर, माझं चुकलं."

"कुठलं?" सर म्हणाले. "चौकीतलं की कोर्टातलं?"

"चौकीतलं."

सरांनी स्टुलावरचा पाय दोन्ही हातांनी उचलून नीट ठेवला. त्यांना राग आला नव्हता असं नाही. दीड वर्ष हा माणूस रोज सकाळी त्या पायाशी झगडत होता, आणि कुणाच्या तरी नावावर तो पाय लिहिलेला होता, एवढाच त्याला आधार होता. शेवटी ते म्हणाले, "दहावीला तू काय करायचीस आठवतं? पुस्तकाच्या मागं उत्तर बघायचीस आणि मग त्या उत्तरापर्यंत पोचतील अशा पायऱ्या मांडायचीस. मी ओळखायचो. शून्य द्यायचो."

"हो सर."

"या वेळी तुला उत्तर गर्दीनं दिलं होतं. मग मी, मालननं, सगळ्या गल्लीनं ते पक्कं केलं." त्यांनी आतल्या दाराकडं पाहिलं. आवाज उतरला. "आणि एक सांगतो, मालनला सांगू नकोस. मला आठवत नाही, हे खरं आहे. पण मी आठवायचा प्रयत्नही कधी केला नाही. बँक बंद व्हायची वेळ होती, मी घाईत होतो, एवढं आठवतं. पुढचं आठवायला भीती वाटते."

योगिनी त्यांच्या पायाशी बसून राहिली. थोड्या वेळानं सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

जानेवारीत निकाल लागला. यादगिरीनं सिग्नल तोडला हे सिद्ध झालं नाही, म्हणून त्याला सोडून दिलं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी योगिनी कोठीजवळच्या एका गल्लीत वकीलबाईंचं ऑफिस शोधत गेली. दाराबाहेरच्या पाटीवर तेलुगूत, उर्दूत आणि इंग्रजीत नाव होतं. मराठी लोक त्यांना इंदुताई म्हणतात असं शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं. ऑफिस म्हणजे एकच खोली. तिथं बाकावर एक म्हातारा जन्मतारखेच्या दाखल्यासाठी बसला होता. पोरीचं नाव शाळेनं चुकीचं लिहिलं म्हणून एक बुरखेवाल्या बाई आल्या होत्या. घरमालकानं पाणी तोडलं म्हणून एक तरुण जोडपं आलं होतं. इंदुताई एकेकाचं ऐकत होत्या. म्हाताऱ्याशी दखनीत, जोडप्याशी तेलुगूत. पाणी तोडलेल्या जोडप्याला त्यांनी कोर्टात जायलाच दिलं नाही. तिथल्या तिथं घरमालकाला फोन लावला आणि तीन मिनिटं अतिशय गोड आवाजात बोलल्या. फोन ठेवून म्हणाल्या, "जा, नळ सोडून बघा."

योगिनी बाकावर बसून हे सगळं पाहत होती. कायदा म्हणजे सरळ रेघ, असं ती म्हणत आली होती. इथं तर तो माणसांच्या नावांत, नळांत आणि तारखांत मिसळलेला होता, आणि ही बाई गहू निवडावेत तसा तो त्यातून वेचून काढत होती.

तिची पाळी आली तेव्हा तिनं दीड महिना मनात धरलेला प्रश्न विचारला. "ताई, यादगिरीनं खरंच सिग्नल तोडला असेल तर?"

"असेलही," इंदुताई म्हणाल्या.

"तो तुम्हाला काय म्हणाला?"

"तो मला जे म्हणाला ते मी माझ्याबरोबर घेऊन जाणार. ते मी कुणालाच सांगत नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण तू विचारतेस ते वेगळं आहे. खरं काय होतं? मला माहीत नाही. मी तिथं नव्हते. न्यायाधीश नव्हते. तू होतीस, पण पाठ फिरवून. जे कुणी पाहिलं नाही त्याच्यासाठी एका माणसाला तुरुंगात घालायचं का, एवढाच प्रश्न होता. मास्तरांचा पाय मोडला याचं मला दुःख आहे. त्यांच्या बायकोच्या डोळ्यांत बघून मला दोन रात्री झोप आली नाही. हेही या धंद्यात असतं. तुला वाटलं का, जिंकलं की आम्ही खुशीत असतो?"

"मला वाटायचं, तुम्ही लोक खोटं खरं करता," योगिनी म्हणाली.

"करणारेही आहेत. नाव घेऊन सांगू का दहा-बारा?" इंदुताई मोठ्यानं हसल्या. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "पण त्या दिवशी तू केलंस ते मी तीस वर्षांत चार-पाचदाच पाहिलं. प्रश्न मी कितीही नीट विचारला तरी उत्तर साक्षीदारानंच द्यायचं असतं. तू पुढचं न विचारता सांगितलंस. मला तेव्हा उठून तुझ्याजवळ यावंसं वाटलं होतं."

तिनं विचारलं, "मी रोज येऊन नुसती बसले तर चालेल का?"

"बी.कॉम. पूर्ण कर आधी. मग बघू."

तिनं पूर्ण केलं. कॉम्प्युटरचा क्लास मात्र अर्ध्यात सोडला, आणि कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म आणला. गल्लीतली बाकीची पोरं तेव्हा अमेरिकेच्या गोष्टी करत होती. पुण्याहून बदलून आलेल्या शेजाऱ्यांचा कौस्तुभ तिला म्हणाला, "जग पुढं चाललंय आणि तू काळा कोट घालणार?" ती म्हणाली, "हौ. कोपराशी तपकिरी होईपर्यंत घालणार." अप्पाराव आठ दिवस धुसफुसले. नवव्या दिवशी फॉर्मवर सही करताना त्यांनी फॉर्म अथपासून इतिपर्यंत दोनदा वाचला आणि एका रकान्यातली चूक दाखवली. शोभाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बघा, तुम्हीसुद्धा वकीलच."

पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू झाले त्या सुमारास एका सकाळी दारात मालनबाई उभ्या राहिल्या. कोर्टातल्या त्या दिवसानंतर त्या योगिनीशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांच्यामागं त्यांची भाची होती, भाग्यलक्ष्मी, निजामाबादला दिलेली. डोळे सुजलेले, हातात एकच पिशवी.

"हिच्या नवऱ्यानं हिला घराबाहेर काढलं," मालनबाई उंबऱ्यावरूनच म्हणाल्या. "लेकरू ठेवून घेतलं. आणि गावभर सांगतोय की ही आपल्या पायानं निघून गेली म्हणून. पंचांपुढं शपथेवर सांगितलं मेल्यानं."

"काकू, आत या ना."

मालनबाई आत आल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "तुझी ती वकीलबाई. तिचा मला राग आहे, खोटं कशाला बोलू. माझ्या घरात मोडका पाय आहे अजून. पण तिनं तुझ्यासारखीच्या तोंडून काढलं ना खरं? मग ह्याच्याही तोंडून काढेल. घेऊन चल मला तिच्याकडं."

योगिनीनं भाग्यलक्ष्मीच्या हातातली पिशवी घेतली. तिला बसायला पाट दिला, पाणी दिलं. अप्पाराव कामावर जायला निघाले होते, ते दारात घुटमळले.

"कोठीला जाणारी बस साडेनऊला आहे," ते म्हणाले. "आणि पोरीला आधी काहीतरी खायला घाला. तिथं एकेकाला तास तास बसावं लागतं, म्हणत होती योगिनी. ती बाई सगळं ऐकून घेते."